हमामखान्याच्या पटावर

"अंगावरचं काढ आणि हे चढव. पटकन!" हाओवहिनीने निळी अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा सदरा शूफनच्या अंगावर फेकला. "मोटार कोपऱ्यावर आलीय. बॉयलरवाल्याने बघितली."

"वहिनी, हे माझ्या मापाचं नाही."

"असेल कुठून? ग्वेझीचं आहे ते. लग्नाला चाललीयेस का तू? घाल मुकाट्याने."

शूफनने घातलं. सदरा पोटावर तटतटला आणि चड्डीची नाडी तिने कशीबशी बांधली. बाहेर, चीनच्या उत्तरेकडच्या फुशुन शहरात, रस्त्यांवर बर्फाचा दगड झाला होता, आणि इथे आत तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. सगळाच काही वाफेचा नव्हता.

हा हमामखाना हाओचा, वहिनीच्या नवऱ्याचा. त्याच्या पटावर लुआन शूफन हे नाव साडेचार वर्षांपासून होतं. काम, बायकांचं अंग घासणे. पगार दर महिन्याच्या दहा तारखेला. विमा नियमित. कागदावर तरी हाओला इतकी शहाणी कामगार दुसरी मिळाली नसती: कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही, कधी आजारपण नाही. कारण साडेचार वर्षांत शूफन इथे कधी आलीच नव्हती. आंघोळीला ती आपल्या घराजवळच्या हमामात जायची.

ती कामाला होती तो पंप कारखाना बंद पडला तेव्हा ती तिशीत होती. त्यानंतर तिने आंबवलेली कोबी विकली, परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळल्या. पण नोकरी म्हणावी अशी नोकरी पुन्हा लागली नाही, आणि गेली काही वर्षं तर घर एके घर. तरी पेन्शनच्या विम्याचा हप्ता तिने सोडला नाही. बेकार माणसालाही स्वतः होऊन हप्ता भरता येतो, सरकार त्याला ऐच्छिक म्हणतं. ती विमा कचेरीच्या खिडकीवर जाऊन भरत राहिली. मग एकदा त्या खिडकीच्या रांगेतच एका बाईने तिच्या कानात सांगितलं, की स्वतः भरणाऱ्या बाईला पेन्शन पंचावन्नला, आणि कुठल्याशा मालकाच्या पटावरून भरणारीला पन्नासला. पाच वर्षांचा फरक! हा नियम कोणत्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण कळला की झोप उडतेच.

हाओ हा तिच्या नवऱ्याचा, छंगहायचा, कारखान्यातला जोडीदार. छंगहाय गेल्यावर ती त्याच्याकडे गेली. हाओ म्हणाला होता, "नाव घालतो मी तुझं. कामाला यायची गरज नाही. फक्त तुझा वाटा तू भर, आणि मालकाचाही वाटा तूच भर." तालियेन बंदरात बोटीवर असलेला मुलगा पैसे धाडायचा, त्यातला मोठा घास या दुहेरी हप्त्याचा असे. उरलेल्यात ती भागवत होती. आता पन्नाशी पाच महिन्यांवर आली होती.

आणि काल संध्याकाळी हाओचा फोन आला. विमा कचेरीची माणसं घरोघर, दुकानोदुकान फिरताहेत; पन्नाशीला आलेल्या ज्या बायका पटावर आहेत त्या खरोखर कामाला आहेत का, हे बघताहेत. शेजारच्या वस्तीतल्या एका दुकानावरच्या तिघी सापडल्या. त्यांची त्या पटावरची सगळी वर्षं पुसली.

पुसली! शूफन रात्रभर हाच एक शब्द घेऊन पडून होती.

ती चपला फटफटवत आत गेली. घासायच्या बाकड्यावर प्लास्टिकचा कागद पसरलेला होता आणि त्यावर एक चाळिशी उलटलेली, काटक, सडसडीत बाई उघडीच पालथी पडली होती.

"अगं बाई, गिऱ्हाईक आलं पण?" शूफन दारातच थबकली.

"कसलं गिऱ्हाईक? इतक्या सकाळी कुत्रंसुद्धा येत नाही आंघोळीला." बाईने मान वळवली. "मी ग्वेझी. माझ्याच चड्डीत आहात तुम्ही. रिकाम्या बाकड्यापाशी उभ्या राहिलात तर काय पटणार त्यांना? म्हणून मीच म्हटलं मालकांना, मी पडते. तो मोजा चढवा हातात. खरखरीत बाजू बाहेर. आधी पाणी ओता अंगावर... आई आई गं! इतकं कढत? डुक्कर सोलायचंय का?"

"चुकलं, चुकलं." शूफनने गार पाणी मिसळलं. "मी कधी परक्याचं अंग घासलं नाही हो."

"नवऱ्याचं घासलंत ना? तसंच. फक्त जरा मन लावून."

शूफनला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही येऊ घातलं. ग्वेझी पुटपुटत सांगत होती: मानेपासून खाली, हात मनगटाकडून खांद्याकडे, जोर तळव्याचा, बोटांचा नव्हे. शूफन घासत होती. घासता घासता तिने सहज विचारलं, "तू किती वर्षं आहेस इथे?"

"नऊ."

"मग पेन्शनच्या पंधरा वर्षांतली तुझी तर निम्म्याहून जास्त भरली असतील. तुला काय काळजी!"

ग्वेझीने तोंड पुन्हा खाली वळवलं.

"म्हणजे... तुझं नाव आहे ना पटावर?"

"एका बाकड्याला एकच नाव, असं मालक म्हणतात." ग्वेझी प्लास्टिकच्या कागदाकडे तोंड करूनच बोलत होती. "ते तुमचं आहे."

शूफनचा हात थांबला. तिला वाटत होतं, आपलं नाव म्हणजे पटावर घातलेली एक जास्तीची ओळ. कुणाचं काय जातंय त्यात? उलट हाओला चहापाण्याचे वर चार पैसेच मिळताहेत. ते नाव कुणाच्या जागी बसलंय हे तिने साडेचार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं गं."

"थांबू नका. घासा. आल्या त्या."

प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सारून विमा कचेरीच्या शांग मॅडम आत आल्या. वय तिशीच्या आतलं, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पायांत हमामखान्याच्या दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला. आत पाऊल टाकताच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली आणि त्या जागीच उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा धुरकटला. शेवटी हातात धरून डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "लुआन शूफन कोण?"

"मी."

"चालू द्या काम. गिऱ्हाइकाला थंडी वाजेल. दोन प्रश्न विचारते फक्त. कधी लागलात इथे?"

शूफनने काल रात्री पाठ केलेलं सगळं सांगितलं. कोणत्या महिन्यात लागली, पगार कधी होतो, हमामखाना किती वाजता उघडतो, बॉयलरवाल्याचं नाव काय. शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा. शांग मॅडम मान हलवत होत्या. हाताखाली ग्वेझीच्या पाठीचे स्नायू ताठ झालेले शूफनला कळत होते.

"सुट्टी कोणत्या वारी?"

हे काल हाओने सांगितलं नव्हतं.

"सुट्टी..." शूफन म्हणाली. "सोमवारी."

"सोमवारी? आज सोमवारच आहे."

नळाचं पाणी टपटपत होतं. शूफनच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं. तेवढ्यात बाकड्यावरून ग्वेझी खेकसली, "सुट्टी कसली डोंबलाची, मॅडम! ही माणसं नुसती सांगतात. मी कुठल्याही वारी आले तरी हा हमाम उघडाच असतो. नवीन वर्षाच्या आदल्या दिवशीसुद्धा! मालक एक नंबरचा चिकट आहे. बिचारीला भीती वाटते खरं सांगायची."

"असं?" शांग मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "घाबरू नका हो. सुट्टी मिळायलाच हवी. मी बोलते बाहेर."

"नको मॅडम," शूफन कशीबशी म्हणाली.

शांग मॅडम निघतील असं वाटलं, पण त्या बाकड्याजवळ आल्या. लहानपणापासून दर आठवड्याला आईबरोबर हमामात गेलेली पोर ती; बाकड्यावर काय दिसायला हवं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी वाकून ग्वेझीच्या पाठीकडे पाहिलं, मग शूफनच्या हातातल्या मोज्याकडे.

"एवढं घासताय, आणि मळ कसा निघत नाही?"

खरंच निघत नव्हता. पाठ लालबुंद झाली होती, पण काळ्या वळ्या नाहीत की काही नाही. दिवसभर पाण्यात उभी राहणारी बाई. अख्ख्या फुशुनमध्ये तिच्याइतकं स्वच्छ अंग दुसऱ्या कुणाचं असणार? हे ना हाओच्या ध्यानात आलं होतं, ना खुद्द ग्वेझीच्या.

"काल पण आले होते मी," ग्वेझी म्हणाली.

"लागोपाठ दोन दिवस अंग घासून घेता?"

"खाज आहे अंगाला. डॉक्टर म्हणाले, घासा."

"खाज असली तर घासू नका म्हणतात डॉक्टर."

"तो डॉक्टर असाच आहे," ग्वेझी म्हणाली. "म्हणून स्वस्तातला."

शांग मॅडमना हसू फुटलं. शूफनने ती संधी साधली आणि दुसरी बाजू घासायला म्हणून म्हणाली, "ताई, जरा उताणं होता का?"

शब्द तोंडातून निघाले आणि ग्वेझीच्या मानेची शीर ताठ झालेली तिला दिसली. अंग घासणारी बाई गिऱ्हाइकाला कधी तोंडाने सांगत नाही. ती ओल्या तळव्याने पाठीवर दोन थापट्या मारते आणि गिऱ्हाईक आपोआप वळतं. झोपलेलं असलं तरी वळतं. शूफन स्वतः जन्मभर अशी वळत आली होती. पण हात आज दुसऱ्या बाजूला होता, आणि दुसऱ्या बाजूची रीत ती साफ विसरली.

शांग मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी शूफनच्या तंग सदऱ्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. ग्वेझी वळली, उताणी झाली आणि डोळे मिटून पडली. आता तिच्याकडेही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुमच्या पन्नाशीला किती राहिलंय?" शांग मॅडमनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"पाच महिने."

"माझी आई कापडगिरणीत होती. गिरणीही बंद पडली," त्या म्हणाल्या. चष्मा पुन्हा वाफेने भरला होता. त्यांनी तो पुसला नाही. तशाच चाचपडत त्या पडद्याबाहेर गेल्या.

ग्वेझीने एक डोळा उघडला. "संपलं का?"

"मला नाही माहीत," शूफन म्हणाली, आणि ओल्या जमिनीवर मटकन बसली.

बाहेर काउंटरपाशी शांग मॅडमचा वरिष्ठ बसला होता. जाडा, गोऱ्या गालांचा साहेब; पुरुष असल्यामुळे त्याला आत जाता आलं नव्हतं आणि त्याला त्याचं काही दुःखही नव्हतं. हाओने दिलेला चहा पीत तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. शूफन सदऱ्यावर कोट घालून बाहेर आली तेव्हा शांग मॅडम त्याला सांगत होत्या, "पाहिलं मी. बाई कामावर होती. गिऱ्हाईक बाकड्यावर होतं."

"मग झालं," साहेब म्हणाला.

झालं. वाचली. शूफनला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं, पण पोर दुसरीकडे बघत बूट चढवत होती. तेवढ्यात ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ग्वेझी बाहेर आली. गिऱ्हाईक म्हणून पडली होती, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून बाहेर पडणं भाग होतं. हाओवहिनीनेही वेळ ओळखून हात पुढे केला, "घासायचे वेगळे हं, ताई." आणि ग्वेझीने, तिथल्याच कामवालीने, खिशातून नोट काढून तिच्या हातावर ठेवली.

साहेबाचा स्वभाव वाईट नव्हता. उलट त्याला लोकांचं भलं करायची हौस होती. पिशवीतून एक रंगीत पत्रक काढून त्याने ग्वेझीपुढे धरलं. "मावशी, विमा आहे का तुमचा? पेन्शनचा?"

"नाही."

"का बरं? काम काय करता?"

काउंटरमागे हाओने चहाची किटली उचलली आणि तशीच धरून ठेवली. ग्वेझीने त्याच्याकडे पाहिलं नाही. शूफनकडेही पाहिलं नाही. ती टॉवेलने कान पुसत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "बेकार आहे."

"किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ वर्षं!" साहेबाने बी फोडायचं थांबवलं. "नऊ वर्षं बसून काढलीत? हातपाय धड आहेत तुमचे! अहो, ह्या बाईंकडे बघा." त्याने शूफनकडे बोट केलं. "तुमच्याहून वयाने मोठ्या, पण थंडीवाऱ्यात येऊन दुसऱ्याचं अंग घासताहेत. पाच महिन्यांनी सुखाने पेन्शन खातील. कष्टाची असते ती. असं सकाळी सकाळी निवांत अंग घासून घेऊन म्हातारपण निघत नाही, मावशी."

शूफनचं तोंड उघडलं. तिला बोलायचं होतं. सगळं जिभेवर आलं होतं: साहेब, उलट आहे हो, ती कामवाली आणि बसून खाणारी मी. एवढं एकच वाक्य. पण त्या वाक्याच्या पलीकडे साडेचार वर्षं उभी होती, मुलाने बोटीवरून धाडलेला पैसा उभा होता. हाओ किटली धरून तिच्याकडे बघत होता. ग्वेझीनेही आता पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत साफ लिहिलेलं होतं: बोलाल तर माझीही भाकरी जाईल.

"खरंय साहेब," ग्वेझी म्हणाली. "आळस नडला."

"अजून वेळ गेलेली नाही," साहेब मायेने म्हणाला. "बेकार माणसालाही भरता येतो. ऐच्छिक. तुमच्या मनावर आहे सगळं."

शूफनने तोंड मिटलं.

मोटार गेल्यावर हाओने किटली खाली ठेवली आणि मोठ्याने हसला. वहिनीने ग्वेझीची नोट परत दिली. ती मात्र न मागता दिली. शूफनने सदरा उतरवून ग्वेझीच्या हातात दिला. तिच्या घामाने तो चिंब झाला होता. ग्वेझीने तो पिळला, झटकला आणि तसाच अंगात घातला, कारण पहिलं खरं गिऱ्हाईक दारात बर्फ झटकत होतं.

"ग्वेझी," शूफन म्हणाली, "तू मघाशी..."

"जा आता तुम्ही, ताई. बस चुकेल."

आठवडाभर शूफनला अन्न गोड लागेना. मुलाचा फोन आला, "सुटलीस ना आई?" तर ती "हो" म्हणाली आणि पुढचं काही बोलवेना. शेवटी मटण आणि आंबवलेली कोबी भरून तिने करंज्यांसारखी मुरड घातलेले भरपूर मोमो उकडले, डबा कापडात बांधला आणि हमामखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ग्वेझी राख टाकायला बाहेर आली. डबा घेतला, तिथेच उघडून एक तोंडात टाकला आणि गरम गरम चावत म्हणाली, "ते पत्रक आहे माझ्याकडे. खरंच भरता येतो का बेकार माणसाला?"

"येतो. मी किती वर्षं भरलाय. मी येते तुझ्याबरोबर."

"आत्तापासून भरला तर कधी मिळेल?"

शूफनने मनात हिशेब केला. पंधरा वर्षं भरावी लागतात. ग्वेझी साठीला टेकलेली असेल.

"मिळेल," ती म्हणाली.

"तुमच्यासारखा कुणाच्या पटावरून..."

"नको," शूफन पटकन म्हणाली. "स्वतःच्या नावाने भर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी विमा कचेरीच्या दालनात उभ्या होत्या. रांग लांब होती. पुढे सगळ्या त्यांच्यासारख्याच: बंद पडलेल्या कारखान्यांच्या, बंद पडलेल्या दुकानांच्या बायका, हातात ओळखपत्रं, अंगात जाड कोट. ग्वेझी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिची पाळी आली तेव्हा काचेमागच्या कारकून बाईने मान वर न करता विचारलं, "कामधंदा?"

"बेकार," ग्वेझी म्हणाली. आता तिला ते सरावाने जमत होतं.

बाई टाइप करू लागली. संगणक अडला. बाईने तो बंद केला, चालू केला, शेजारणीशी थोडं बोलून घेतलं. ग्वेझी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. शेवटी तिला राहवेना.

"बाई, जरा लवकर करा ना. उशीर होतोय, कामावर जायचंय मला."

कारकून बाईचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "कामावर? आत्ता तर बेकार म्हणालात."

ग्वेझीचा चेहरा पांढराफटक पडला. शूफनने काचेच्या भोकापाशी तोंड नेलं. हीच ती कचेरी, वरच्या कुठल्याशा मजल्यावर शांग मॅडम बसत असतील, आणि याच संगणकात तिचं नाव हाओच्या पटावर होतं.

"बेकार मी आहे," ती म्हणाली. "ती कामाला जाते. नऊ वर्षं जातेय."

बाईने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे दारापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"तुमच्यापैकी भरणार कोण, तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाकीचं मला कशाला?"

ग्वेझीने भरला. पावती घडी करून आतल्या खिशात घातली, "येते, ताई," म्हणाली आणि दाराबाहेरच्या बर्फावरून घसरत, सावरत बसथांब्याकडे पळाली. शूफन काचेतून तिच्याकडे बघत राहिली. बस आली, ग्वेझी चढली, बस गेली.

दालनात उबदार होतं. भिंतीलगत बाकं होती. शूफन त्यातल्या एकावर बसली आणि कोटाची बटणं सोडून बसून राहिली. तिला कुठेच जायचं नव्हतं.